शाळेसमोर शिट्टी कोणाच्या हातात द्यावी? साताऱ्यातल्या पालक समित्यांसाठी

साताऱ्यातल्या शाळांमध्ये वॉर्डनचा, म्हणजे शाळा भरता-सुटताना गाड्या थांबवून पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या माणसाचा विषय बहुधा एखादी दुचाकी पोराला घासून गेल्यावरच निघतो. मग बैठक होते, कुणीतरी ओळखीतला माणूस आणतं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तो माणूस परत येत नाही. पालक-शिक्षक संघात मी तीन वर्षं होतो आणि तेवढ्यात आमच्या फाटकासमोर चार तऱ्हा करून झाल्या. तुमच्या शाळेत आता हे ठरत असेल, तर आमची फजिती कामी येईल.

निवड करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ प्रमाणे चालकाला सिग्नल, फलक आणि वाहतूक नियमन करणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळावा लागतो. शाळेनं नेमलेल्या माणसाच्या हातातल्या ‘थांबा’ पाटीला हे बळ नाही. ब्रिटनमध्ये १९५३ साली वेगळा कायदा करून शाळेसमोर पाटी धरणाऱ्याला गाडी थांबवण्याचा अधिकार दिला, आणि तो मोडला तर दंड होतो. आपल्याकडे आपल्या वॉर्डनसाठी गाडी थांबते ती ओळखीमुळे. रोज त्याच वेळी तिथून जाणारा रिक्षावाला, दूधवाला, वॅनवाले काका, कॉलेजची पोरं ‘मामा उभे आहेत’ म्हणून ब्रेक दाबतात. ही ओळख व्हायला महिना-दीड महिना जातो. माणूस बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मी प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न लावतो: पुढच्या जूनमध्ये हाच चेहरा इथे असेल का?

धाक पाहिला तर होमगार्डला तोड नाही. अंगावर खाकी, चालायची शिस्त, आणि पाठीशी पोलीस. पण ते तुमच्या हातात नसतात. जिल्हा समादेशकांकडे पत्र द्यायचं, मानधनाचं कसं ते ठरवायचं, आणि एवढं करून बंदोबस्त लागला की माणूस गेला. आपल्या जिल्ह्यात तर शाळा जेमतेम रुळतात तोवर माउलींची पालखी लोणंद, फलटणला येते. मग गणपती, मग एखादी निवडणूक. कायमचा माणूस म्हणून होमगार्ड धरू नका. जूनचा पहिला आठवडा आणि सप्टेंबरातले शनिवार एवढ्यासाठी मात्र जरूर मागा, विशेषतः शाळा समर्थ मंदिर ते बोगदा या बाजूला असेल तर. शनिवारी सकाळची शाळा आणि कासला निघालेल्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात.

एजन्सीचा गार्ड कार्यालयाला आवडतो. एक बिल येतं, पीएफची कटकट नाही, माणूस आला नाही तर दुसरा पाठवतात. हा ‘दुसरा पाठवतात’ कागदावर गुण दिसतो, रस्त्यावर तोच दोष ठरतो. आमच्याकडे एका सत्रात तीन चेहरे झाले. एमआयडीसीत बरी पोस्ट मिळाली की गार्ड तिकडे, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. शिवाय पूर्ण पाळीचा पगार देतोय म्हटल्यावर त्याच्याकडून वही भरून घेणं, पाहुण्यांना आत सोडणं, फाटक उघडणं ही कामंही होतात, आणि शाळा सुटताना तो रस्त्याऐवजी फाटकावर सापडतो. एजन्सी घ्यायचीच असेल तर परवाना बघा (खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे) आणि गणवेश पोलिसासारखा दिसणार नाही याची खात्री करा.

पालकांची पाळी फुकट पडते, म्हणून सगळे त्यावर टाळ्या वाजवतात. पंधरा दिवस छान चालते. जुलैत पावसानं झोडपायला लागलं की व्हॉट्सॲपवर ‘आज जमणार नाही’ सुरू. पहिली-दुसरीच्या आया सगळ्यात नेमानं येतात, मोठ्या मुलांचे बाबा सगळ्यात कमी. मात्र फाटकासमोर आडवी लावलेली आपलीच चारचाकी काढायला सांगावी, तर ती दुसऱ्या पालकानंच. तेवढं काम कुठल्याही पगारी माणसाला जमलं नाही. आरएसपीची (शाळेतल्या रस्ता सुरक्षा पथकाची) मुलं फुटपाथवर रांग लावायला ठीक, त्यांना डांबरावर उतरवू नका.

आता राहिला शेजारचा माणूस, मानधनावर. माझं मत इथेच आहे, पण यातही आम्ही आधी चुकलो. आपला जिल्हा फौजींचा, मिलिटरी अपशिंगे आपल्याच तालुक्यात, त्यामुळे बैठकीत सगळे एका सुरात ‘फौजी ठेवा’ म्हणाले. एक निवृत्त हवालदार मिळाले. माणूस सोन्यासारखा, पण राहायचे गावी, शेती होती, एसटीनं यायचे. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास, आणि मधला अख्खा दिवस साताऱ्यात काढायचा. ऑगस्टमध्येच त्यांनी हात जोडले. त्यांच्या जागी शाळेच्या मागच्या गल्लीत राहणारे निवृत्त एसटी कंडक्टर आले, आणि ते टिकले. शिट्टीची सवय होती, गर्दीशी बोलायची सवय होती, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये घरी जाऊन जेवता येत होतं. ईपीएस-९५ ची (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. अशी तुटपुंजी पेन्शन मिळणाऱ्या माणसाला आपलं छोटं मानधनही मोलाचं वाटतं. बायकांचाही विचार करा, आम्ही उशिरा केला. पोळ्या लाटून देणाऱ्या, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचं पोरं लगेच ऐकतात.

मानधनाचं गणित मात्र आम्ही बावळटपणानं मांडलं होतं. महिना ४,००० रुपये, शाळेचे १० महिने. म्हणजे मे महिन्यात पैसे नाहीत, आणि मे महिन्यातच माणूस दुसरीकडे लागतो. तेच ४०,००० बारा महिन्यांत वाटले तर महिना ३,३०० च्या आसपास पडतात, खर्च तेवढाच, आणि उन्हाळ्यातही त्याच्या खात्यावर काहीतरी येत राहतं. तारीख ठरवा आणि ती चुकवू नका. गुडघ्यापर्यंतचा रेनकोट आणि चमकणारं जॅकेट शाळेनं द्यावं. छत्री नको, हात अडकतो. सत्तरीच्या आतला माणूस असेल तर बँकेतून वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या, अपघातासाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. आणि ओळखीचा असला तरी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्याच.

एकाच माणसावर भिस्त ठेवू नका. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरू लागले. ज्या शाळेत मोठे वर्ग सकाळचे आहेत तिथे दिवसात दोनाच्या चार गर्दीच्या वेळा झाल्या. एकाला हे झेपत नाही. सकाळी एक आणि दुपारी एक अशी एकाच गल्लीतली जोडी घ्या, म्हणजे एकाला ताप आला तरी दुसरा उभा राहील. पालकांची पाळी या जोडीची बदली म्हणून ठेवा, तिथे ती खरंच चालते.

शाळा कोरेगाव रस्त्यासारख्या मोठ्या रस्त्यावर असेल तर माझं उत्तर थोडं बदलतं. दिवाळीनंतर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. ते चटकन थांबत नाहीत, आणि वरच्या स्पीकरच्या आवाजात शिट्टी ऐकूही जात नाही. तिथे वाहतूक शाखेकडे गतिरोधक आणि शाळा सुटायच्या वेळेला पोलीस मागा, आणि आपल्या मामांना पहिल्याच दिवशी बजावा, की ट्रॅक्टरला हात करायचा नाही, पोरांना धरायचं. आमच्या मामांना हे कुणी सांगावं लागलं नाही. नव्या गार्डला सांगायचं राहिलं होतं. पाटी पुढे करून तो रस्त्यात उभा राहिला, आणि ट्रॅक्टर त्याच्यापासून चार हातांवर येऊन थांबला.