घरच्या बिअरसाठी माल्ट भरडायची हातचक्की: काही महिन्यांच्या वापरानंतर

एका वेळी गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास बिअर करायची तर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य (बहुधा बार्ली), लागतं साधारण किलोभर. अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक माल्ट-चक्क्या मात्र पाच गॅलन करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात: दोन जड रोलर, मोठा हॉपर (दाणे ओतायचं नरसाळं), ड्रिल जोडायची सोय आणि तशीच किंमत. मी त्याऐवजी ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची, हाताने फिरवायची, दोन खाचेदार तबकड्यांची चक्की घेतली. कोलंबियात मक्यासाठी बनणाऱ्या ‘कोरोना’ चक्कीच्या धर्तीवरची ही आहे, आणि होमब्रूअर, म्हणजे घरी बिअर करणारी मंडळी या जातीच्या सगळ्याच चक्क्यांना सरसकट कोरोना म्हणतात. आता माझं मत पक्कं झालंय: पिशवीत मॅश करत असाल, म्हणजे भरडलेलं माल्ट कापडी पिशवीत घालून गरम पाण्यात मुरवत असाल, आणि किलो-दीड किलोच भरडायचं असेल, तर हीच घ्या. उरलेले पैसे चांगल्या माल्टवर आणि ताज्या यीस्टवर घाला.

आधी हे सांगते, की दुकानातून भरडून आणण्यापेक्षा घरी भरडणं का परवडतं. अख्खं माल्ट कोरड्या, बंद डब्यात कित्येक महिने टिकतं. भरडलेलं काही आठवड्यांतच दमट होऊ लागतं, त्याचा तो बिस्किटासारखा खमंग वासही उतरतो. गॅलनभर करणाऱ्याचं पोतं लवकर संपत नाही, त्यामुळे आयत्या वेळी हवं तेवढंच भरडता येणं हाच खरा फायदा. शिवाय दुकानातली चक्की सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकाच फटीवर लावलेली असते, आणि कुणाचाही मॅश तुंबू नये म्हणून भरड जरा जाडच निघते. लहान बॅचमध्ये ते जाणवतं. किलोभर पेल माल्टमधून चार लिटर वर्ट (मॅशमधून निघणारं गोड पाणी) काढलं, तर दुकानातल्या आयत्या भरडीवर माझी सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे वर्टची घनता (जास्त घनता म्हणजे जास्त साखर), १.०४५ च्या आसपास यायची. घरची, थोडी बारीक भरड वापरायला लागल्यापासून ती १.०५५ च्या जवळ येते. माल्ट तेच, पाणी तेच, ६६ अंशांवर तासभर मॅशही तोच.

याचं कारण साधं आहे. दाण्यातला पिष्टमय भाग जितका मोकळा होईल तितकं पाणी आणि पिष्टाची साखर करणारे एन्झाइम त्याच्यापर्यंत लवकर पोचतात. अख्खा राहिलेला दाणा मॅशमधून जवळजवळ तसाच बाहेर येतो. मग सरळ पीठच का करू नये? कारण बार्लीचं टरफल गाळणीचं काम करतं. पारंपरिक पद्धतीत मॅशच्या भांड्याच्या तळाशी या टरफलांचाच थर बसतो आणि त्यातून वर्ट नितळून येतं. टरफलांचा चुरा झाला की तो थर घट्ट होतो आणि धार थांबते. तबकड्यांची चक्की टरफल रोलरपेक्षा जास्त फाडते, हा तिचा खरा दोष. पिशवीत मॅश केला की गाळायचं काम कापडाकडे जातं, म्हणून तिथे तो दोष खुपत नाही.

चांगली भरड ओळखायची ती डोळ्यांनी आणि बोटांनी. प्रत्येक दाण्याचे तीन-चार तुकडे झालेले, टरफल उललेलं पण ओळखू येईल असं, थोडं पीठ आणि अख्खा दाणा जवळपास नाहीच. आई इथे राहायला आली होती, तेव्हा तिने चिमूटभर हातावर घेऊन चोळलं आणि म्हणाली, “लापशीचा रवा असाच काढायचो गं आम्ही, फक्त कोंडा पाखडून टाकायचो.” तिच्या बोटांना जे एका क्षणात कळलं, ते मला फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून शिकावं लागलं. रोलरची फट साधारण १ मिलिमीटर ठेवतात. तबकड्यांना असा आकडा लागू पडत नाही, कारण बाहेरची तबकडी फिरताना डुगडुगते आणि एका बाजूला फट मोठी, दुसऱ्या बाजूला लहान होते.

या डुगडुगण्यावर उपाय करावाच लागतो. तबकडीच्या मागे योग्य जाडीचे वॉशर घातले आणि फट ठरवणाऱ्या स्क्रूवर लॉक नट बसवला, की भरड एकसारखी यायला लागते. कंपनीने हे आधीच करून द्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. नव्या चक्कीतून पहिल्यांदा मूठ-दोन मूठ तांदूळ दळून ते फेकून द्या, म्हणजे तेल आणि धातूची पूड निघून जाते. चक्की पाण्याने धुऊ नका, ब्रशने झाडा. बिडाला गंज लगेच चढतो.

टरफल वाचवण्यासाठी एक गोष्ट मी आता प्रत्येक वेळी करते. भरडायच्या दहा मिनिटं आधी किलोला २० मिलिलिटर पाणी स्प्रेने मारून माल्ट हाताने खालीवर करते. टरफल लवचीक होतं, आतला दाणा कोरडाच राहतो, धूळही कमी उडते. शेवटी मूठभर कोरडं माल्ट फिरवून तबकड्या पुसून घेते.

गव्हाचं माल्ट हिची परीक्षा बघतं. गव्हाला टरफल नसतं, दाणा लहान आणि कडक, त्यामुळे फट कमी करून दोनदा काढावा लागतो आणि दंड चांगलाच भरून येतो. बार्ली आणि गहू कधीच एकत्र भरडू नका. रोस्टेड बार्ली किंवा ब्लॅक माल्ट ठिसूळ असतं, त्याला चक्की हवीच असं नाही. रेसिपीत शंभरेक ग्रॅम असेल तर मिक्सरचे दोन झटके पुरतात. एक्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे आयत्या माल्ट-अर्काच्या बिअरमध्ये नुसतं भिजवून काढायचं क्रिस्टल माल्ट तर जाड पिशवीत घालून लाटण्याने दाबलं तरी भागतं. रोल्ड ओट्स भरडायचे नसतातच, ते तसेच घालायचे.

भरडण्याचं काम फर्मेंटरपासून (यीस्ट घालून बिअर ठेवायच्या भांड्यापासून) लांब करा. माल्टच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस असतात, ते थंड झालेल्या वर्टमध्ये गेले तर बिअर आंबते. मी गॅरेजमध्ये, तोंडावर मास्क लावून आदल्या संध्याकाळीच भरडून ठेवते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत घरगुती वापराची बिअर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने करमुक्त झाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही.

रोलरची चक्की मी मैत्रिणीकडे वापरून पाहिली आहे. टरफल सुरेख राहतं, किलोभर माल्ट दोन-तीन मिनिटांत होतं. पिशवीविना मॅश करणाऱ्याने किंवा पाच गॅलनवर जाणाऱ्याने तीच घ्यावी. माझ्या चक्कीला तेवढ्याच कामाला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि हॉपर लहान असल्याने मधेमधे थांबून भरावं लागतं. घ्यायला जाल तेव्हा क्लॅम्पचं तोंड तुमच्या ओट्याच्या जाडीला पुरतंय का, हे आधी मोजून जा. मला शेवटी एक जाड फळी वेगळी ठेवावी लागली.