अरेसिबो की व्हॉयेजर?

भाचीला शाळेच्या प्रदर्शनात परग्रहवासीयांना धाडलेला एकच निरोप मांडायचाय. कुठला, यावर दोन दिवस घोडं अडलंय.

वेग: अरेसिबो या रेडिओ दुर्बिणीवरून धाडलेला १९७४ चा संदेश प्रकाशवेगाने निघालाय, तरी एम-१३ तारकागुच्छ गाठायला सुमारे २५,००० वर्षं. नासाच्या व्हॉयेजर यानाला नुसतं एखाद्या ताऱ्याच्या आसपास फिरकायलाच ४०,०००. उत्तराची वाट बघू नये.

मजकूर: खरी गंमत इथे. अरेसिबोच्या १,६७९ बिट्समध्ये (म्हणजे शून्य-एकांमध्ये) अंक, डीएनए, माणसाची ठोकळेबाज आकृती. देव नाही, भाषा नाही, गाणं नाही. व्हॉयेजरच्या १९७७ च्या सोनेरी तबकडीवर मात्र ५५ भाषांतली अभिवादनं. मराठीतलं म्हणतं, ‘ह्या जन्मी धन्य व्हा’. म्हणजे पुढचा जन्म आपण गृहीतच धरला की! शिवाय गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी.

खटपट: अरेसिबोला आलेखकागद, २३ गुणिले ७३ चौकोन (एकेका बिटला एक) आणि रंगीत पेन्सिली पुरे. तबकडीला स्पीकर लागणार, आणि प्रदर्शनाच्या गोंगाटात भैरवी ऐकू येणं कठीण.

गणित आवडत असेल, वेळ कमी असेल तर अरेसिबो. श्रद्धा, भाषा, संगीत यांवर बोलायचं असेल तर तबकडीच. फक्त हेडफोन घरून न्यावेत.