बंद चर्चमधला हॉल: एक हिवाळा काढल्यावर

भाडं, पार्किंग, फोटो सगळं हॉलच्या साइटवर आहे, ते परत लिहीत बसत नाही. मला फक्त हीटिंगबद्दल बोलायचंय, कारण परवा आलेलं बिल बघून डोकं फिरलंय.

आमची रविवारची मराठी शाळा सप्टेंबरपासून मँचेस्टरजवळच्या एका व्हिक्टोरियन चर्चमध्ये भरते. तिथली प्रार्थना केव्हाच थांबली, बाकं काढली, आता एक ट्रस्ट तासावर भाड्याने देतं. आधीच्या हॉलपेक्षा तासाला आठ पौंड स्वस्त, म्हणून मंडळाच्या मीटिंगमध्ये मीच जोर लावला. ऑक्टोबरपर्यंत सगळे खूश, माइक न लावता शेवटच्या खुर्चीपर्यंत पेटी ऐकू येते म्हणजे काय!

नोव्हेंबर लागला आणि स्वस्त का ते कळलं. छत तीन-चार मजले उंच, भिंती दगडी, रेडिएटरची सगळी ऊब वर जाऊन बसते आणि खाली पोरं जॅकेट घालून बाराखडी गिरवतात. खांबांवर इन्फ्रारेड हीटर आहेत, ते हवेऐवजी थेट माणूस तापवतात, कल्पना बरोबर आहे, पण त्याचं बटण! पार मागच्या खोलीच्या दाराशी एक पिवळट डबी, दाबलं की पंधरा मिनिटं लाल उजेड, मग टक् करून बंद. शेवटी दर रविवारी एका पोराला हीटर मॉनिटर केलं, आता त्या ड्युटीवरून भांडणं होतात. आणि तरी डोकं गरम, पाय बर्फ.

जानेवारीत बॉयलर गेला. ट्रस्टचं उत्तर, इमारत लिस्टेड आहे, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, परवानग्या लागतात. लागतात हे मान्य, चर्च चालू असतं तोवर चर्च संस्थेची स्वतःचीच परवानगी पुरते, प्रार्थनेचा वापर थांबला की ती सवलत जाते आणि कौन्सिलकडे जावं लागतं. पण अहो, बॉयलर दुरुस्त करायचाय, खांब पाडायचा नाहीये! त्यात हिवाळी सरचार्ज लावलाच. मेलवर मेल केल्यावर रिफंड नाही, क्रेडिट दिलं, तेही फक्त हीटिंगसाठी आणि ऑगस्टअखेरपर्यंत. जुलैत हीटर लावून बसू का?

मध्ये बोल्टनचं ऑल सोल्स बघून आलो आणि जरा वेगळा विचार करायला लागलो. 1881 चं चर्च, 2014 मध्ये कम्युनिटी सेंटर म्हणून उघडलं, त्यांनी आत वेगळी इमारतच उभी केलीय, खोल्या तेवढ्या गरम करायच्या, अख्खं चर्च नाही. खर्च लाखो पौंड, आमच्या ट्रस्टकडून ती अपेक्षा नाही. पण मँचेस्टरच्या सेंट बेनेडिक्टमध्ये 2005 पासून क्लाइंबिंग सेंटर आहे, ब्रिस्टलच्या सेंट पॉलमध्ये सर्कस शिकवतात. भिंत चढणाऱ्याला आणि झुल्यावर लटकणाऱ्याला ती उंची कामाची, आणि हलता माणूस गारठत नाही. गारठतो तो बसून शुद्धलेखन लिहिणारा.

मग फेब्रुवारीपासून आम्ही वेळापत्रक फिरवलं, आधी लेझीम, मग वही. फरक पडला, खरंच पडला. लेझीम तिथे काय वाजते राव, ज्या आज्या आधी दारातून परत जायच्या त्या आता थांबतात. ताशा मात्र नेऊ नका, प्रत्येक काडी तीनदा ऐकू येते. गणपती बसवता येत नाही, इतर धर्मांची पूजा करायची नाही असं करारात आहे, ते सही करायच्या आधी वाचा.

तीन स्टार. एप्रिल ते ऑक्टोबर बिनधास्त घ्या, हिवाळ्यात घेतलं तर सरचार्ज आगाऊ देऊ नका, आणि बॉयलर बंद असेल तर सरचार्ज नाही असं लेखी घ्या. आमचं क्रेडिट दुसऱ्या मंडळाच्या नावावर करता येईल का तेही विचारून झालं. येत नाही म्हणे.