ईसीएचएस ठेवायचं की 70 नंतरचं आयुष्मान कार्ड घ्यायचं? फौजीच्या घरच्यांसाठी

गावात आयुष्मानचा कॅम्प लागला की 70 च्या वरच्या सगळ्यांना बोलावतात, आणि आमच्या सातारा साइडला गल्लीगल्लीत पेन्शनर फौजी, त्यामुळे वर्षभरात बऱ्याच जणांनी मला हेच विचारलंय की आप्पांचं, म्हणजे माझ्या फौजी वडिलांचं, काय केलं. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 च्या पुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वर्षाला 5 लाखांचं कव्हर मिळतं. पण ज्यांचं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आहे त्यांनी दोन्हीतलं एकच निवडायचं असतं. हे कॅम्पमध्ये कोण धड सांगत नाही, लोक दोन्ही मिळणार समजून अंगठा लावून येतात.

आता ईसीएचएसवर लोक का वैतागलेत ते मला पुरेपूर माहितीय. आप्पांना शुगर, बीपी आणि हार्टच्या गोळ्या. सकाळी सहाची एसटी पकडून पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, जायचं, आधी रजिस्ट्रेशनची लाइन मग डॉक्टरची मग फार्मसीची, आणि शेवटच्या खिडकीवर कळणार की आठातल्या पाचच गोळ्या आहेत, बाकीच्यांवर एनए, म्हणजे उपलब्ध नाही. मग त्या बाहेरून घ्यायच्या, बिलं जोडायची, क्लेम टाकायचा आणि महिनोन्महिने वाट बघायची. 75 वर्षांच्या माणसाला, ज्याने सियाचीनला ड्युटी केली, असं ताटकळत उभं केलेलं बघून मला अजून राग येतो. आणि हे आमच्याच नशिबी आहे असं नाही, 2015 च्या कॅगच्या रिपोर्टमध्ये औषधांचा तुटवडा आणि बिलांचा उशीर दोन्ही आलेत.

दुसरा त्रास रेफरलचा. पॉलिक्लिनिकने मोठ्या हॉस्पिटलला रेफर केलं, हॉस्पिटल ईसीएचएसच्या यादीत आहे, तरी काउंटरवर सांगतात की ईसीएचएसचा बेड नाही किंवा आधी डिपॉझिट भरा. आमच्याकडून एका हॉस्पिटलने 40 हजार मागितले होते, कॅशलेस असताना. कारण सरळ आहे, सरकारकडून बिलं वेळेत सुटत नाहीत आणि सीजीएचएसचे (केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, जे ईसीएचएसलाही लागतात) पॅकेज रेट बऱ्याच गोष्टींना वर्षानुवर्षं जुनेच राहिले होते, त्यामुळे हॉस्पिटलं हळूहळू अंग काढून घेतात. भोगतो मात्र पेशंट, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या पैशातून काँट्रिब्युशन भरलेलं असतं.

एवढं सगळं असूनही मी आप्पांचं कार्ड सोडू दिलं नाही.

आयुष्मान फक्त अ‍ॅडमिट झाल्यावर. ओपीडी नाही, रोजच्या गोळ्या नाहीत, डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतचं औषध तेवढं मिळतं. आप्पांच्या गोळ्या सगळ्या बाहेरून घेतल्या तर महिन्याला साडेतीन हजार जातात, म्हणजे पाच मिळून तीन एनए लागल्या तरी ईसीएचएसचंच पारडं जड. परत 5 लाख हे घरातल्या 70 वरच्या सगळ्यांत मिळून असतात, ईसीएचएसला अशी मर्यादा नाही, डायलिसिस किंवा कॅन्सर निघाला की हा फरक कळतो. आणि आमची आई 64 ची आहे, तिला 70 चं हे कार्ड मिळतच नाही, ईसीएचएसमध्ये मात्र ती आहे आणि आप्पांच्या मागेही राहील.

मिलिटरी हॉस्पिटलचा दरवाजा पण फौजीला वेगळा उघडा आहे. पुण्यात कमांड हॉस्पिटल, हार्टसाठी लष्कराचंच एआयसीटीएस, मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल. सर्व्हिंगवाल्यांना, म्हणजे अजून नोकरीत असलेल्यांना, आधी घेतात त्यामुळे थांबावं लागतं, पण प्लॅन करून करायचं ऑपरेशन असेल, गुडघा किंवा मोतीबिंदू, तर मी तिथलीच तारीख घेईन, डिपॉझिटची भानगड नाही आणि गरज नसताना स्टेंट टाकतील ही भीती नाही.

आयुष्मान कोणी घ्यावं? पॉलिक्लिनिक खूप लांब, न्यायला घरात माणूस नाही, रोजच्या गोळ्या फार नाहीत, आणि तालुक्यातलं बरं हॉस्पिटल आयुष्मानमध्ये आहे पण ईसीएचएसमध्ये नाही, अशांनी विचार करायला हरकत नाही. मात्र आधी त्या हॉस्पिटलात स्वतः जाऊन विचारा, नुसतं यादीत नाव बघून नको.

एप्रिल 2003 च्या आधी रिटायर झालेले काहीजण अजून ईसीएचएस न घेता महिन्याला 1000 रुपये मेडिकल अलाउन्स घेतात. तब्येत ठणठणीत आहे तोवर ठीक, एका अँजिओप्लास्टीत दहा वर्षांचा अलाउन्स जातो. जमत असेल तर ईसीएचएससोबत खाजगी मेडिक्लेम पण चालतो, पण आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असतं, म्हणून साठीच्या आत घेतलेला बरा.

आणि कार्ड ठेवणार असाल तर एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा: इमर्जन्सीला रेफरल लागत नाही. यादीतल्या हॉस्पिटलात थेट न्या. यादीबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं तर 48 तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा, बिल आधी आपणच भरायचं असतं आणि परत सीजीएचएस रेटनेच मिळतं. आम्ही त्यासाठी आईच्या खात्यात लाखभर वेगळे ठेवलेत, आणि पॉलिक्लिनिकचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.