स्केचअप फ्री: सुताराला कळेल असा कपाटाचा आराखडा

भिंतीतलं कपाट सुताराकडून करून घेणार असाल, तर ट्रिंबल कंपनीचं स्केचअप फ्री हे त्रिमितीय आराखडे काढायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ब्राउझरमध्ये चालतं, घरगुती वापराला पैसे लागत नाहीत. मात्र कपाट खोक्यासारखं न काढता फळी-फळीने काढा. प्लायची जाडी धरली नाही तर चित्र छान दिसतं आणि ड्रॉवर जागेवर बसत नाही.

आधी मॉडेल इन्फोमध्ये युनिट फ्रॅक्शनल इंच आणि अचूकता 1/8 करा. इंचाचे आठ सूत, त्यामुळे पडद्यावरचे 3/8 म्हणजे सुताराचे तीन सूत. वेगळं रूपांतर करावं लागत नाही. मापाआधी ~ ही खूण आली तर आकडा जवळपासचा आहे असं समजा आणि ती फळी पुन्हा तपासा. 18 मिमी प्लायवर आतून पातळ लॅमिनेट धरून जाडी सहा सूत घ्या.

समजा दोन भिंतींमधली जागा 72 इंच आहे. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजा, सगळ्यात कमी आकडा घ्या. प्लास्टर क्वचितच ओळंब्यात असतं. दोन्ही बाजूंना इंचभर पट्टी सोडली की 70 उरतात, म्हणजे 35 इंचांचे दोन सांगाडे. प्रत्येकाची आतली रुंदी साडेतेहतीस. मध्ये उभी फळी टाकली की दोन्ही खण 16 इंच 3 सुतांचे होतात. ड्रॉवर शटरच्या (कपाटाच्या दाराच्या) आत असेल तर बिजागरीच्या बाजूला इंचभर पॅकिंग हवं, नाहीतर ड्रॉवर उघडताना शटरला घासतो. शिवाय टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांना, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच. म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी 14 इंच 3 सूत. खणाच्या आकड्यातले हे दोन इंच वजा करायला विसरणं, ही या कामातली सगळ्यात महाग चूक.

खोलीचा हिशेबही इथेच लावा. प्लायचा तावा 8 बाय 4 फुटांचा. सांगाडा 23 इंच खोल ठेवला तर 48 इंचांतून दोन बाजू निघतात; पूर्ण 24 ठेवला तर करवतीच्या पात्यात जाणारी जाडी आड येते आणि दुसरी बाजू कमी पडते. 23 इंचांत 20 इंची चॅनल मोकळेपणी बसतं, हँगरही आडवा राहतो. हँगरचा दांडा पाठीपासून साधारण 11 इंचांवर घ्या. त्याखाली शर्टांना 40 इंच पुरतात, लांब अनारकलीला 60 लागतात.

आता साधनाबद्दल. फळी काढली की तीन क्लिक करून लगेच ग्रुप करा, नाहीतर शेजारच्या फळीला चिकटते आणि एक हलवली की दुसरी वाकडी होते. सारख्या मापाचे कप्पे आणि शटर कंपोनंट करा. एकाचं माप बदललं की सगळ्यांचं बदलतं. कप्पे समान अंतरावर हवेत तर मूव्ह करताना कंट्रोल दाबून खालच्या फळीची प्रत वरच्या टोकाला न्या आणि /4 टाइप करा. मध्ये चार सारखे गाळे मिळतात. ही सोय कागदावर नाही. पलंग आणि स्विचबोर्डही त्यातच काढा आणि शटर 90 अंशांत फिरवून बघा. साडेसतरा इंचांचं शटर उघडून पुढे उभं राहायला पलंगापर्यंत 30 इंच तरी हवेत. ते नसतील तर सरकत्या शटरचा विचार करा. पण तिथे मधल्या भागात शटर एकमेकांवर येतात, त्यामागे ड्रॉवर ठेवू नका.

उणिवा खऱ्या आहेत. टचपॅडवर काम जिकिरीचं होतं, चाकाचा माउस घ्याच. इंटरनेट लागतं. फ्रीमध्ये एक्स्टेन्शन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत, म्हणून कटिंग लिस्ट, म्हणजे कापायच्या फळ्यांची यादी, आपोआप मिळत नाही, ती हाताने लिहावी लागते. मापांच्या शीटसाठीचं लेआउट हे जोडसाधनही त्यात नाही. पॅरलल प्रोजेक्शनमध्ये (यात लांबची वस्तू लहान दिसत नाही) समोरचा देखावा लावून डायमेन्शन टाका आणि पीएनजी काढा; एक शटरांसह, एक शटर लपवून, एक वरून. छापलेल्या कागदावर पट्टीने माप घेऊ नये, लिहिलेला आकडाच धरावा, हे सुताराला आधीच सांगा.