रेशीम, सुती की रेयॉन: ब्लाउजच्या भरतकामाला कुठला धागा घ्यावा?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे खान्देशात लग्नाच्या तिथी दाटीनं येतात आणि ब्लाउजवर भरतकाम करून घ्यायची घाई उडते. धागा घेताना एक ध्यानात ठेवा: ‘सिल्क थ्रेड’ म्हणून जे चकचकीत रीळ मिळतं, ते बहुतेक वेळा रेयॉनचं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम धाग्याचं असतं. खात्री करायची तर दोन इंच धागा चिमट्यात धरून पेटवा. खऱ्या रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरडते. रेयॉन कागदासारखं भुरकन जळतं. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

आपल्या कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, त्यामुळे पीळ दिल्याशिवाय धागा होत नाही. रेशमाच्या एका कोशातून मात्र हजार मीटरच्या आसपास सलग तंतू निघू शकतो. शिवाय तो साधारण तिकोनी असल्यानं त्यावरून उजेड परततो. एकाच रंगाच्या रेशमानं पाकळी भरा. अर्धी डावीकडे झुकत्या टाक्यांनी, अर्धी उजवीकडे. दोन छटा दिसतील, आणि ब्लाउज घालणारी वळली की त्या जागा बदलतील. भरीव टाक्यात ही जादू मला दुसऱ्या कुठल्याच धाग्यात दिसलेली नाही.

पण रेशीम हात मागतं. भेगाळलेल्या बोटाला बिनपिळाचा तंतू लगेच अडकतो आणि त्याची लव निघते. आधी साखर-तेलानं बोटं चोळून हात स्वच्छ धुवा, पुसून कोरडे करा, आणि धागा हातभरच घ्या. घाम, कडक ऊन आणि धुण्याचा सोडा रेशमाला सोसत नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तिथे काखेजवळ रेशमी नक्षी घेऊच नये. बाहीचा काठ आणि पाठ पुरे.

रोज वापरायच्या कपड्यांना, उशीच्या अभ्र्यांना, लेकराच्या झबल्याला सहा पदरी मर्सराइज्ड (कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून चमक आणलेली) सुती लडीच बरी. तिची चमक मवाळ असते, पण पक्क्या रंगाची असेल तर वारंवार धुणं सोसते. गाठीचा टाका आणि साखळी टाका तिच्यात जास्त उठून दिसतात.

रेयॉन स्वस्त, रंग भरपूर, आरी वर्कला (आकडीच्या सुईनं केलेल्या भरतकामाला) सोयीचं. मात्र ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते. तोरण किंवा भिंतीवरच्या चौकटीला ते खुशाल वापरा.

लग्नाच्या ब्लाउजला माझं मत रेशमालाच. पैसे कमी पडत असतील तर नक्षी लहान करा: पाठीवर एकच कुयरी, पण ती खऱ्या रेशमात. आणि भरायला बसण्याआधी लाल, मरून धाग्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग उतरला तर ती लडी दुकानदाराला परत करा.