फी माफ होणारी सीट आम्हाला विकली

बारावीचा निकाल लागला की इंजिनीअरिंगला जाणाऱ्या पोरांच्या घरी फोन सुरू होतात. नंबर कुठून मिळवतात देव जाणे. आम्हाला भेटला तो स्वतःला ‘ॲडमिशन काउन्सिलर’ म्हणवणारा. बोलणं मधाळ, दर वाक्याला ‘काका’. मुलीला सीईटीत ७१ पर्सेंटाइल होते. ‘एवढ्यावर पुण्यात कॉम्प्युटर विसरा काका. माझ्या हातात एक कॉलेज आहे, जरा बाहेर आहे, पण छोटं असल्यामुळे पोरांकडे लक्ष देतात. आज बुक करा, उद्याची गॅरंटी नाही.’ कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचा, कॉलेजांची पसंती द्यायचा ऑप्शन फॉर्म मीच भरतो म्हणून मुलीचा लॉगिन आणि पासवर्डही घेतला. तो फॉर्म त्याने भरलाच नाही.

कॉलेजात फीशिवाय साठ हजार रोख मागितले. पावती दिली ती कॉलेजची नव्हे, ट्रस्टची. पिवळट कागद, हाताने लिहिलेला, ‘स्वखुशीने देणगी’. दाता म्हणून माझं नाव. मुलीचं नाव नाही, ॲडमिशनचा शब्द नाही. विचारलं तर कॅशियर म्हणतो, ‘टॅक्समध्ये सूट मिळेल ना काका.’ दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ८०जीची सूटच मिळत नाही, ही आणखी एक गंमत.

खरा दणका पुढे बसला. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासनाने पूर्ण माफ केली आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. आम्ही ओबीसी, जातपडताळणी झालेली, नॉन-क्रिमीलेअर हातात. महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, अर्ज करायला गेलो तर क्लार्कने यादीवर बोट ठेवलं, ‘हिचं ॲडमिशन संस्था स्तरावरचं आहे, म्हणजे कॉलेजने थेट दिलेलं. माफी कॅपमधून आलेल्यांनाच.’ चार वर्षांची फी अंगावर पडली.

त्या रात्री सीईटी सेलच्या साइटवरून आदल्या वर्षीचे कटऑफ काढले. त्याच कॉलेजला, त्याच ब्रँचला ओबीसीची शेवटची सीट ४० पर्सेंटाइलच्याही खाली गेली होती. म्हणजे फॉर्ममध्ये त्या कॉलेजचा कोड टाकला असता तरी सीट मिळण्यासारखी होती, आणि तीही फी माफ होऊन. छोट्या कॉलेजांचं दुकान या दलालांवरच चालतं, असं माझं स्पष्ट मत झालंय. जागा रिकाम्या असतात, पण आपल्याला भासवतात की रांग लागली आहे.

तेव्हा ऑप्शन फॉर्म मुलांना स्वतः भरू द्या, पासवर्ड कुणालाही देऊ नका. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर असते. त्याच्या वर कुणी ‘डेव्हलपमेंट’, ‘डोनेशन’ मागत असेल तर ते कॅपिटेशन फी आहे आणि १९८७ च्या कायद्याने राज्यात त्यावर बंदी आहे. दारावर ‘एनबीए’ची (राष्ट्रीय मानांकन मंडळाची) पाटी असली तरी ते मानांकन ब्रँचनुसार मिळतं, तुमच्या ब्रँचला आहे का ते बघा. प्लेसमेंटचे फ्लेक्स बघत बसण्यापेक्षा कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, लॅबला शिकवायला कोण येतं. आणि मूळ टीसी, मार्कशीट अडकवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही, तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीई, तिने तसं बजावलेलं आहे. ठरलेल्या मुदतीत ॲडमिशन रद्द केलं तर हजार रुपयांपर्यंत कापून बाकी फी परत द्यावी लागते. आमची ती मुदत टळून गेली होती.

प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली आहे, पावती जोडून. काउन्सिलरचा नंबर बंद आहे. कॉलेजचं म्हणणं एवढंच की अशा कुणाला आम्ही ओळखत नाही, आणि पालकांनी देणगी राजीखुशीने दिली होती.